योझेफ हायडनच्या रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे वळणारा मराठी श्रोता बहुतेक वेळा मोत्सार्ट किंवा बेथोव्हनपासून सुरुवात करतो आणि हायडनपाशी उशिरा पोहोचतो. तिथे पोहोचल्यावर शंभराहून अधिक सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचना), निरनिराळ्या पद्धतींचे क्रमांक, टोपणनावे आणि दंतकथा यांच्या गर्दीत तो गोंधळतो. अशा श्रोत्यांकडून आणि पियानो किंवा व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

हायडन कोण होता आणि त्याचा काळ कोणता?

योझेफ हायडनचा जन्म ३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियातील रोहराउ या खेड्यात झाला. वडील गाड्यांची चाके घडवणारे कारागीर होते आणि आई लग्नापूर्वी तिथल्या सरदार घराण्याच्या वाड्यात स्वयंपाकीण होती. गोड गळ्यामुळे १७४० मध्ये व्हिएन्नातील सेंट स्टीफन कॅथीड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांत त्याची निवड झाली. आवाज फुटल्यावर ते स्थान गेले आणि पुढची काही वर्षे शिकवण्या करून, मिळेल तिथे वाजवून, माळ्यावरच्या खोलीत राहून त्याने काढली. इटालियन संगीतकार निकोला पोर्पोरा याच्याकडे साथीदार म्हणून आणि थोडाफार नोकर म्हणूनही राबताना तो रचनाशास्त्र शिकला. १७६१ मध्ये एस्टरहाझी या बड्या हंगेरियन सरदार घराण्याने त्याला नोकरीवर घेतले आणि त्या घराण्याशी त्याचा संबंध अखेरपर्यंत टिकला. नेपोलियनच्या सैन्याने व्हिएन्ना ताब्यात घेतलेले असताना ३१ मे १८०९ रोजी त्याचे निधन झाले. बाख आणि हँडल ऐन भरात असताना जन्मलेला हा माणूस गेला, तेव्हा बेथोव्हनची पाचवी सिंफनी व्हिएन्नात वाजून झाली होती. एवढ्या मोठ्या पालटाचा तो साक्षीदार तर होताच, पण त्या पालटातला मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या लेखणीचा होता.

त्याने एकूण किती रचना केल्या?

क्रमांक असलेल्या सिंफनी १०४ आहेत आणि 'ए' व 'बी' या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन धरल्या की ती संख्या १०६ होते. स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांच्यासाठीच्या रचना, आज ६८ मानले जातात. जुन्या पुस्तकांत ८३ हा आकडा आढळतो, कारण त्यात दुसऱ्याच्या रचना आणि मुळात वेगळ्या वाद्यमेळासाठी लिहिलेल्या काही रचनांची रूपांतरेही मोजलेली होती. याशिवाय बॅरिटॉन या गजाच्या तंतुवाद्यासाठी सव्वाशेच्या आसपास ट्रिओ (तीन वाद्यांच्या रचना), पियानो ट्रिओ सुमारे ४५, पन्नासच्या आसपास पियानो सोनाटा, चौदा मास (कॅथलिक उपासनेच्या मजकुरावरच्या गायनरचना), दोन भव्य जर्मन ऑरेटोरिओ (अभिनयाविना गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद सादर करतात त्या रचना), डझनाहून अधिक ऑपेरा, अनेक कॉन्चेर्टो (एक प्रमुख वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचना) आणि ब्रिटिश प्रकाशकांसाठी साथसंगत लिहून दिलेली स्कॉटिश व वेल्श लोकगीते सुमारे ४०० असा हा पसारा आहे.

आकडे ठिकठिकाणी वेगळे दिसतात याचे कारण त्या काळच्या व्यवहारात आहे. हायडनचे नाव युरोपभर खपत असे, त्यामुळे पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅमचे प्रकाशक कोणाचीही रचना त्याच्या नावाने छापून मोकळे होत. खरे आणि खोटे वेगळे करण्याचे काम संशोधक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत करत होते.

ओपस क्रमांक आणि होबोकेन क्रमांक यांत फरक काय?

ओपस क्रमांक प्रकाशकांनी दिलेले असून ते मुख्यतः क्वार्टेटच्या बाबतीत उपयोगी पडतात. 'ओपस ७६ क्रमांक ३' म्हणजे ७६ व्या संचातला तिसरा क्वार्टेट. बाकी सर्व रचनांसाठी अँटनी फान होबोकेन या डच संग्राहकाने केलेली सूची वापरतात. तिचा पहिला खंड १९५७ मध्ये आणि दुसरा १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. या सूचीत रोमन आकडा रचनेचा प्रकार सांगतो आणि पुढचा आकडा त्या प्रकारातला क्रम सांगतो, म्हणजे १६ हा विभाग पियानो सोनाटांचा आणि पहिला विभाग सिंफनींचा. सिंफनींचे क्रमांक मात्र त्याहून जुने, १९०७ मध्ये ठरलेले आहेत आणि ते काळाच्या क्रमाने आहेतच असे नाही. उदाहरणार्थ, ७२ वी सिंफनी तिच्या आसपासच्या क्रमांकांपेक्षा बरीच आधी, १७६० च्या दशकात लिहिली गेली होती. म्हणून क्रमांकावरून रचनेचे वय ठरवू नये.

दरबारातील नोकरीचा त्याच्या संगीतावर काय परिणाम झाला?

हायडन समजून घ्यायचा असेल तर हा प्रश्न टाळता येत नाही. १ मे १७६१ रोजी झालेल्या करारानुसार तो साहाय्यक संगीतप्रमुख झाला. गणवेश घालावा, वादकांत शिस्त राखावी, वाद्ये आणि हस्तलिखिते सांभाळावीत, रोज दालनाबाहेर हजर राहून आज वादन हवे आहे का याची आज्ञा घ्यावी आणि धनी सांगेल ते संगीत लिहावे, अशा अटी त्यात होत्या. धन्याच्या परवानगीवाचून ते संगीत बाहेर कोणाला देता येणार नव्हते आणि दुसऱ्या कोणासाठी लिहिताही येणार नव्हते. १७६६ मध्ये जुना प्रमुख ग्रेगोर व्हेर्नर वारल्यावर हायडन मुख्य संगीतप्रमुख झाला, आणि १७७९ च्या नव्या करारात ही बंदी निघाली.

एस्टरहाझी घराण्याचा प्रमुख प्रिन्स निकोलाउस याने आजच्या हंगेरीतील फेर्टोड गावी एस्टेरहाझा नावाचा विशाल प्रासाद बांधला. तिथे ऑपेरागृह होते आणि कळसूत्री बाहुल्यांचे नाट्यगृहही होते. निकोलाउस स्वतः बॅरिटॉन वाजवत असे. या वाद्यात पुढच्या तारांवर गज चालतो आणि मागे सारंगीतल्या तरफांसारख्या तारा असतात, शिवाय त्या मागच्या तारा अंगठ्याने छेडताही येतात. आपल्या आवडत्या वाद्यासाठी पुरेशा रचना होत नाहीत म्हणून १७६५ मध्ये हायडनला लेखी समज मिळाली आणि पुढच्या सुमारे दहा वर्षांत त्याने त्या वाद्यासाठी शंभरावर ट्रिओ लिहिले. आज ते फारसे कोणी वाजवत नाही, कारण वाद्यच दुर्मीळ झाले. पण बॅरिटॉन, व्हिओला आणि चेलो अशा तीन मंद आवाजांच्या वाद्यांतून पोत विणण्याचा जो सराव त्यातून झाला, तो त्याच्या पुढच्या क्वार्टेटमध्ये स्पष्ट ऐकू येतो.

या नोकरीबद्दल हायडनने म्हातारपणी आपला चरित्रकार ग्रीझिंगर याला जे सांगितले, त्याचा आशय असा : धनी माझ्या कामावर खूश होता, वाद्यवृंद माझ्या हाती होता, कशाने परिणाम साधतो आणि कशाने बिघडतो हे करून पाहता येत होते, मी जगापासून दूर होतो, त्यामुळे मला माझ्या स्वतःच्या वाटेने जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे बोल मला अक्षरशः खरे वाटतात. सहावी, सातवी आणि आठवी या 'सकाळ', 'दुपार' आणि 'संध्याकाळ' नावाच्या सिंफनी त्याने नोकरीच्या पहिल्याच वर्षी लिहिल्या. त्यात जवळपास प्रत्येक वादकाला एकट्याने वाजवायची जागा मिळते, अगदी डबल बासलाही. नव्या प्रमुखाने आपल्या माणसांची मने जिंकण्याचा हा मार्ग होता, आणि कोणाच्या हातात किती बळ आहे हे अजमावण्याचाही.

'फेअरवेल' सिंफनीची गोष्ट खरी आहे का?

बव्हंशी खरी असावी. १७७२ मध्ये एस्टेरहाझातील मुक्काम लांबला. वादकांनी बायकामुलांना तिथे आणू नये असा हुकूम त्या वर्षी निघाला होता, तो कागदपत्रांत नोंदलेला आहे. घरच्या ओढीने बेचैन झालेल्या वादकांचे गाऱ्हाणे हायडनने ४५ व्या सिंफनीतून धन्यापुढे मांडले, असे त्याच्या सुरुवातीच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. शेवटचा वेगवान भाग एकाएकी थांबतो, संथ संगीत सुरू होते आणि एकेक वादक आपला वाटा संपवून मेणबत्ती विझवून निघून जातो. अखेरीस दोन व्हायोलिन उरतात.

गोष्टीच्या प्रसिद्धीमुळे संगीताचे धाडस झाकले जाते, याची मला खंत वाटते. ही सिंफनी एफ शार्प मायनर या पट्टीत आहे, जी त्या काळी वाद्यवृंदासाठी जवळजवळ कोणी वापरत नसे. त्या पट्टीत वाजता यावे म्हणून हॉर्नसाठी खास नळ्या बनवून घ्याव्या लागल्या. पहिला भाग इतका उग्र आणि अस्वस्थ आहे की शेवटचे रिकामे होत जाणारे व्यासपीठ त्याचे उत्तर म्हणूनच पटते.

इतर टोपणनावे हायडननेच दिली का?

फारच थोडी. बहुतेक नावे श्रोत्यांनी किंवा प्रकाशकांनी दिली. ९६ व्या सिंफनीला 'मिरॅकल' म्हणतात, कारण मैफलीत झुंबर कोसळूनही कोणाला गंभीर इजा झाली नाही. पण ती घटना १७९५ मध्ये १०२ व्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी घडली होती. नावे लक्षात ठेवायला सोयीची असली, तरी त्यांचा एक मोठा तोटा आहे. ज्यांना नाव नाही अशा ८८ व्या, ९८ व्या आणि १०२ व्या सिंफनी कार्यक्रमांत मागे पडतात, आणि माझ्या मते १०२ वी ही लंडनसाठी लिहिलेल्या बारांपैकी सर्वांत सखोल आहे.

'सरप्राइज' सिंफनीतला तो दणका झोपलेल्या श्रोत्यांना उठवण्यासाठी होता का?

हायडनने स्वतः हे नाकारले. ९४ व्या सिंफनीचा पहिला प्रयोग २३ मार्च १७९२ रोजी लंडनमध्ये झाला. त्या मोसमात त्याचाच शिष्य इग्नात्स प्लेएल प्रतिस्पर्धी मंडळीच्या मैफली चालवत होता, तेव्हा लोकांना काही नवे ऐकवून चकित करावे एवढाच हेतू होता, असे त्याने सांगितले. दुसऱ्या भागातली बाळबोध चाल आधी हळू आणि मग आणखी हळू वाजते, आणि सोळाव्या मात्राखंडात सारा वाद्यवृंद टिंपनी या नगाऱ्यांसह कडाडतो. त्यानंतर तो दणका पुन्हा येत नाही. येईल येईल म्हणून आपण वाट पाहत राहतो, आणि खरी कारागिरी त्या वाट पाहायला लावण्यात आहे.

रागसंगीत ऐकणाऱ्या माणसाने हायडन कसा ऐकावा?

आपल्या कानाला सर्वांत आधी जाणवणारा फरक षड्जाचा आहे. आपल्याकडे तानपुरा लागला की षड्ज ठरला, पुढचा तासभर सारे त्याच्याशी नाते राखून घडते. हायडनच्या सोनाटा रचनेत, म्हणजे सिंफनी आणि क्वार्टेटच्याही पहिल्या भागांत बहुधा दिसणाऱ्या मांडणीत, षड्जच प्रवासाला निघतो. सुरुवातीचा विषय मूळ पट्टीत मांडला जातो, मग संगीत हळूहळू अशा ठिकाणी येते की मूळचा पंचम हाच नवा षड्ज वाटू लागतो. त्यानंतरच्या विस्तारात विषयाचे तुकडे निरनिराळ्या पट्ट्यांतून फिरतात, पाय टेकायला जागा मिळत नाही. शेवटी मूळ षड्ज परततो तेव्हा जे हायसे वाटते, ते समेवर येण्याच्या आनंदाच्या फार जवळचे आहे, फक्त त्याचे आवर्तन काही मिनिटांचे असते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे १७९५ मधली १०४ वी, म्हणजे त्याची शेवटची सिंफनी. गंभीर प्रस्तावनेनंतर व्हायोलिनवर एक साधी, मोकळी चाल येते. दुसरा विषय येण्याच्या जागी मोत्सार्टने बहुधा नवी चाल आणली असती. हायडन तीच चाल पंचमाच्या पट्टीत ठेवतो, आणि जागा बदलताच तिचा चेहरा बदलतो. पुढे विस्तारात त्या चालीतला एकाच स्वराची पुनरुक्ती असलेला छोटा तुकडा तो उचलतो आणि त्यावर वादळ उभे करतो. बढतीची सवय असलेल्या कानाला ही विचारपद्धती परकी वाटू नये. थोड्या स्वरांत पुष्कळ दिसणे आणि ते घाई न करता दाखवणे या गुणाची पारख आपल्याकडच्या श्रोत्याला असतेच. याच सिंफनीचा शेवटचा भाग चेलो आणि हॉर्नच्या अखंड षड्जावर सुरू होतो आणि त्यावर लोकगीतासारखी चाल नाचू लागते. तानपुऱ्यावर वाढलेल्या श्रोत्याने तिथून आत शिरावे.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. हायडनच्या संगीतात शांतता हीसुद्धा मजकूर असते. अचानक आलेला विराम, अपुरे सोडलेले स्वरवाक्य, चुकीच्या पट्टीत केलेली खोटी परत या सगळ्यांचा आस्वाद तेव्हाच येतो, जेव्हा पुढे काय येणार याचा अंदाज आपण मनात बांधत असतो. काम करताना मागे लावून ठेवण्याचे हे संगीत नाही.

त्याला 'सिंफनीचा जनक' म्हणणे योग्य आहे का?

काटेकोरपणे नाही. मिलानमध्ये सामार्तिनी आणि मानहाइममध्ये योहान श्टामित्स यांनी त्याच्या आधीच सिंफनी लिहिल्या होत्या. स्ट्रिंग क्वार्टेटच्या बाबतीत मात्र हा मान त्याचाच आहे, कारण दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांचा मेळ त्यानेच गंभीर विचाराचे माध्यम म्हणून उभा केला.

क्वार्टेटमध्ये त्याने नेमके काय केले?

१७७२ मधल्या ओपस २० च्या सहा क्वार्टेटमध्ये चेलो केवळ खर्जाची सोबत करणारा राहिला नाही. संचातल्या दुसऱ्या क्वार्टेटची सुरुवातच चेलोच्या गाण्याने होते आणि वरचे वाद्य काही वेळ गप्प राहते. सहापैकी तीन क्वार्टेटचा शेवट फ्यूग पद्धतीने केला आहे, म्हणजे एकच विषय चौघे जण एकामागून एक उचलतात आणि तो परस्परांत गुंफतात. त्यानंतर जवळपास नऊ वर्षे त्याने क्वार्टेट लिहिले नाहीत. १७८१ मध्ये ओपस ३३ आले, तेव्हा ग्राहकांना पाठवलेल्या पत्रांत त्याने ते 'पूर्णपणे नव्या आणि खास पद्धतीने' लिहिल्याचे म्हटले. यात विक्रीची भाषा आहेच, पण दावा पोकळ नाही. चाल कोणती आणि साथ कोणती हे इथे क्षणाक्षणाला बदलते, साथीतला क्षुल्लक तुकडा पुढच्या वळणावर मुख्य विषय होऊन बसतो. संचातल्या दुसऱ्या क्वार्टेटच्या शेवटी चाल तुकड्यातुकड्यांत, मधे विराम घेत येते. संपले असे वाटते आणि लांबलचक शांततेनंतर सुरुवातीचेच वाक्य पुन्हा हळूच उमटते. टाळ्या कुठे वाजवायच्या हे सभागृहाला कळत नाही.

ओपस ६४ मधला पाचवा, 'लार्क' नावाने ओळखला जाणारा क्वार्टेट तिन्ही खालच्या वाद्यांच्या अडखळत्या पावलांवर व्हायोलिनला उंच तरंगू देतो. पण एकच संच निवडायचा असेल तर १७९९ मध्ये प्रकाशित झालेला ओपस ७६ निवडावा. त्यातल्या दुसऱ्या क्वार्टेटचा पहिला भाग खाली उतरणाऱ्या पंचमांच्या दोन जोड्यांवर, म्हणजे अवघ्या चार स्वरांवर उभा आहे. ते स्वर उलटे, सुलटे, दाट आणि विरळ होऊन सतत येत राहतात आणि तरीही कंटाळा येत नाही. चौथ्याची सुरुवात स्थिर स्वरसमूहावर व्हायोलिन सावकाश चढत जाऊन होते, पाचव्यातला संथ भाग दूरच्या पट्टीत बराच काळ स्तब्ध राहतो. पासष्टी ओलांडलेला माणूस हे लिहीत होता आणि त्यात थकव्याची खूणही सापडत नाही.

लंडनला तो का गेला?

२८ सप्टेंबर १७९० रोजी प्रिन्स निकोलाउस वारला आणि त्याच्या वारसाने बहुतेक वाद्यवृंद मोडीत काढला. हायडनला निवृत्तिवेतन मिळाले आणि प्रथमच मोकळीक मिळाली. लंडनमध्ये मैफली भरवणारा व्हायोलिनवादक योहान पीटर सालोमन लगोलग व्हिएन्नात येऊन त्याला घेऊन गेला. १७९१–९२ आणि १७९४–९५ अशा दोन मुक्कामांत ९३ ते १०४ या बारा सिंफनी वाजल्या. एस्टेरहाझात वीस-पंचवीस वादक असत, तर सालोमनकडे सुमारे ४० आणि शेवटच्या मोसमात, दुसऱ्या मंडळीच्या मैफलींत, सुमारे ६० होते. शिवाय इथला श्रोता तिकीट काढून आलेला होता. संगीत रुंद, उजळ आणि ठसठशीत झाले ते या बदलामुळे. जुलै १७९१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. त्या समारंभाशी नाव जोडली गेलेली ९२ वी सिंफनी मात्र दोन वर्षे आधीच लिहून झाली होती.

मोत्सार्ट आणि बेथोव्हन यांच्याशी त्याचे नाते कसे होते?

मोत्सार्ट त्याच्याहून २४ वर्षांनी लहान होता. १७८५ मध्ये त्याने आपले सहा क्वार्टेट हायडनला अर्पण केले. ते ऐकून हायडनने मोत्सार्टच्या वडिलांना, आपल्या माहितीतला सर्वांत मोठा रचनाकार तुमचा मुलगा आहे, असे परमेश्वराला स्मरून सांगितले. वडिलांनी ते पत्रात लिहून ठेवले आहे. बेथोव्हन १७९२ च्या अखेरीस व्हिएन्नात त्याच्याकडे शिकायला आला. शिकवणी दोघांनाही फारशी समाधानकारक झाली नाही, तरी बेथोव्हनने ओपस २ च्या तीन पियानो सोनाटा त्यालाच अर्पण केल्या. बेथोव्हनची छोट्या तुकड्यातून प्रचंड रचना उभारण्याची हातोटी कुठून आली हे समजून घ्यायला हायडनचे क्वार्टेट ऐकणे पुरेसे आहे.

'द क्रिएशन' ही त्याची सर्वश्रेष्ठ रचना आहे का?

माझे उत्तर होकारार्थी आहे. १७९१ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रचंड गायकवृंदाने सादर केलेल्या हँडलच्या ऑरेटोरिओंनी हायडन हेलावून गेला होता. परतताना त्याला विश्वनिर्मितीवरची एक इंग्रजी संहिता मिळाली, जिचा आधार बायबल आणि मिल्टनचे महाकाव्य हा होता. गॉटफ्रीड फान स्वीटन याने ती जर्मनमध्ये आणली आणि १७९६ ते १७९८ या काळात हायडनने तिला संगीत दिले. ३० एप्रिल १७९८ रोजी व्हिएन्नातील श्वार्त्सेनबेर्ग प्रासादात निमंत्रितांपुढे आणि १९ मार्च १७९९ रोजी बुर्गथिएटरमध्ये जाहीरपणे ती सादर झाली.

सुरुवातीला आकार येण्यापूर्वीच्या अव्यवस्थेचे वर्णन केवळ वाद्यांतून केले आहे. इथे हायडनने गोंगाट केलेला नाही. त्याने प्रत्येक वाक्य अशा जागी नेले आहे जिथे विसावा अपेक्षित आहे, आणि तो विसावा नाकारला आहे. सी मायनरच्या धूसर छायेत स्वर सुरू होतात, सरकतात आणि विरतात. मग गायकवृंद अगदी हलक्या आवाजात बायबलचे शब्द म्हणतो आणि 'प्रकाश' या शब्दावर सारा वाद्यवृंद सी मेजरमध्ये पूर्ण जोराने उघडतो. ऐकण्यापूर्वी माहीत असूनही अंगावर काटा येतो, आणि तो पुन्हा पुन्हा येतो. पुढच्या भागांत सिंह, हरणे, पक्षी आणि जमिनीवर सरपटणारे जीव संगीतात अवतरतात. बऱ्याचदा वाद्यवृंद आधी चित्र काढतो आणि गायक नंतर त्याचे नाव सांगतो. काही समीक्षकांनी याला बालिश म्हटले. मला त्यात सृष्टीकडे पाहून होणारा निर्भेळ आनंद दिसतो, आणि तो आनंद व्यक्त करण्याचा अधिकार या श्रद्धाळू माणसाने कमावलेला होता.

२७ मार्च १८०८ रोजी व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात संगीतकार सालिएरीच्या संचालनाखाली ही रचना झाली, तेव्हा खुर्चीत बसवून आणलेला हायडन आणि श्रोत्यांत बेथोव्हन असे दोघेही तिथे होते. प्रकाशाच्या त्या क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला आणि हायडनने हात वर करून, हे तिकडून आले, असे सांगितले. ती त्याची शेवटची जाहीर उपस्थिती ठरली. १८०१ चा दुसरा ऑरेटोरिओ 'द सीझन्स' शेतकऱ्यांच्या वर्षाचे चित्रण करतो. तो तेवढाच समृद्ध आहे, मात्र संहितेत कमजोर जागा आहेत आणि हायडननेही त्याबद्दल कुरकूर केली होती.

त्याच्या मास ऐकायच्या तर कोणत्या?

१७९६ ते १८०२ या काळात एस्टरहाझी घराण्यातील प्रिन्सेस मारिया हेर्मेनेगिल्ड हिच्या नामदिनानिमित्त लिहिलेल्या शेवटच्या सहा. त्यांपैकी १७९८ मधली 'नेल्सन मास' सर्वांत नाट्यमय आहे. नेपोलियनच्या युद्धांच्या छायेत ती लिहिली गेली आणि तिच्या लॅटिन शीर्षकाचा अर्थ संकटकाळातील मास असाच आहे.

जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल हायडनची आहे हे खरे का?

होय. लंडनमध्ये ऐकलेल्या ब्रिटिश राष्ट्रगीतावरून त्याला असे एक गीत आपल्या सम्राटासाठीही असावे असे वाटले. सम्राट फ्रान्झ याच्या वाढदिवशी, १२ फेब्रुवारी १७९७ रोजी, ते प्रथम गायले गेले. ओपस ७६ च्या तिसऱ्या क्वार्टेटमध्ये त्याने याच चालीवर संथ भाग रचला. चाल जशीच्या तशी राहते, ती आळीपाळीने चारही वादकांकडे जाते आणि भोवतीची वीण मात्र दर वेळी बदलते. १८४१ मध्ये हॉफमन फॉन फालर्सलेबेन याने या चालीवर नवे शब्द लिहिले, १९२२ मध्ये ते जर्मनीचे राष्ट्रगीत झाले आणि आज त्यातले तिसरे कडवे गायले जाते.

त्याच्या नावावर चुकीने खपणाऱ्या रचना कोणत्या?

'टॉय सिंफनी' त्याची नाही. ओपस ३ चे सहा क्वार्टेटही त्याचे नाहीत, ते रोमान होफश्टेटर या धर्मगुरूचे असल्याचे मानले जाते, म्हणजे त्यातली सुप्रसिद्ध 'सेरेनेड' हीदेखील हायडनची नव्हे. पुढच्या काळातल्या ब्राम्स या जर्मन संगीतकाराने हायडनची समजून ज्या चालीवर मोठी रचना केली, ती चालही बहुधा दुसऱ्याचीच होती.

याच्या उलट प्रकारही घडला आहे. सी मेजरमधला चेलो कॉन्चेर्टो हायडनने स्वतःच्या सूचीत सुरुवातीच्या स्वरांसह टिपून ठेवला होता, पण रचना हरवली होती. १९६१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिची प्रत सापडली आणि सूचीतल्या त्या स्वरांवरून तिची ओळख पटली. आज जगातला क्वचितच एखादा चेलोवादक ती शिकत नसेल.

पियानो परीक्षेसाठी सोनाटा वाजवणाऱ्या मुलांनी काय लक्षात घ्यावे?

मुंबई, पुणे आणि गोव्यात ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा एबीआरएसएमच्या परीक्षा देणाऱ्या मुलांच्या वाट्याला हायडनच्या सोनाटा येत असतात. परीक्षेपुरता एकच भाग बसवला जातो, हे समजण्यासारखे आहे, पण बाकीचे भाग निदान ऐकावेत. आधीच्या सोनाटा हार्पसिकॉर्ड हे पियानोपूर्वीचे वाद्य डोळ्यांसमोर ठेवून आणि नंतरच्या नव्या पियानोसाठी लिहिल्या आहेत, म्हणून सर्वांना एकसारखा जाड आवाज देऊ नये आणि पेडल जपून वापरावे. विराम पूर्ण मोजावेत. घाईने विराम गिळला की विनोदही जातो आणि नाट्यही जाते. मोठ्या विद्यार्थ्यांनी १७७१ ची सी मायनर सोनाटा आणि १७९४ मध्ये लंडनच्या तेरेसे यानसेन हिच्यासाठी लिहिलेली ई फ्लॅट सोनाटा जरूर अभ्यासावी. या दुसऱ्या सोनाटात मधला भाग ई मेजरमध्ये, म्हणजे अवघ्या अर्ध्या स्वराने वरच्या पट्टीत आहे, आणि तो सुरू होताना खोलीतला उजेड बदलल्यासारखा भासतो.

ऑपेरा का ऐकायला मिळत नाहीत?

ते एका विशिष्ट रंगमंचासाठी आणि विशिष्ट गायकांसाठी लिहिलेले होते, आणि मोत्सार्टच्या ऑपेरांतली माणसे जशी समोर जिवंत होतात तशी इथे होत नाहीत. लंडनसाठी लिहिलेला ऑर्फिअसच्या कथेवरचा ऑपेरा तर त्याच्या हयातीत रंगमंचावर आलाच नाही. तो १९५१ मध्ये फ्लोरेन्सला प्रथम झाला आणि त्यात प्रख्यात ऑपेरा गायिका मारिया कॅलास गायली. सुटी गाणी मात्र सुंदर आहेत.

सुरुवात कोणत्या रचनांनी आणि कोणत्या ध्वनिमुद्रणांनी करावी?

पहिल्या आठवड्यात १०४ वी सिंफनी, ओपस ७६ मधला दुसरा क्वार्टेट आणि १७९६ चा ट्रंपेट कॉन्चेर्टो पुरे आहेत. ट्रंपेट कॉन्चेर्टो आन्टोन व्हाइडिंगर याच्या कळा बसवलेल्या नव्या ट्रंपेटसाठी लिहिला होता, त्यामुळे त्या वाद्यावर पूर्वी अशक्य असलेले खालच्या सप्तकातले लागोपाठचे स्वर त्यात गातात. त्यानंतर ४५ वी आणि ८८ वी सिंफनी ऐकावी, आणि 'द क्रिएशन' एखाद्या मोकळ्या संध्याकाळी संहितेचा अनुवाद समोर ठेवून सलग ऐकावे. एकाच रचनेकडे चार दिवस परतत राहणे हे दररोज नवी सिंफनी ऐकण्यापेक्षा अधिक फळ देते.

सर्व सिंफनी एकाच संचात हव्या असतील तर संचालक अंताल दोराती याने फिलहार्मोनिया हंगारिका या वाद्यवृंदासोबत १९७० च्या सुमारास केलेले मुद्रण आजही विश्वासार्ह आहे. त्यात वेग काही ठिकाणी संथ वाटेल, पण रचनेची रेषा कुठे हरवत नाही. त्या काळच्या धर्तीच्या वाद्यांचा खरखरीत, चपळ आवाज पसंत असणाऱ्यांनी जोव्हान्नी अंतोनिनी यांच्या 'हायडन २०३२' या उपक्रमातले खंड ऐकावेत. हायडनच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण होतील त्या वर्षापर्यंत सगळ्या सिंफनी ध्वनिमुद्रित करण्याचा त्यांचा संकल्प असून प्रत्येक खंड एखाद्या सूत्राभोवती बांधलेला आहे, त्यामुळे क्रमांकांच्या भानगडीत न पडता कोणताही खंड उचलून सुरुवात करता येते.